घराजोगा आंबा : 'आम्रपाली' वाणाच्या गुणधर्मांचा ऐतिहासिक विचार (वाशिम परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे देशभर परिचित आहे. या गावाचा व परिसराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच मंदिर, मूर्ती आणि शिलालेख यांकडे वळते. घराच्या परसदारी उभ्या असलेल्या झाडाकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका झाडाचा, म्हणजे आंब्याचा, आणि त्यातही 'आम्रपाली' या वाणाचा विचार केलेला आहे.

विषय वनस्पतिशास्त्राचा वाटेल, परंतु प्रश्न इतिहासाचा आहे. घरापुढे एकच आंबा लावावयाचा झाल्यास तो कोणता लावावा, या प्रश्नाचे उत्तर दर काळात बदललेले दिसते. चांगला आंबा कोणता हे त्या काळचा समाज, त्याची जमीन आणि त्याची बाजारपेठ ठरवीत आली. वाणाचे गुणधर्म म्हणून कृषिपुस्तिकेत जी यादी छापली जाते, तिच्यातील प्रत्येक नोंदीमागे कोणाची तरी गरज उभी असते. आम्रपालीच्या बाबतीत ती गरज लहान जागेत राहणाऱ्या गृहस्थाची आहे. ती गरज भागविताना आपण काय गमावत आहोत, हेही येथे तपासावयाचे आहे.

पूर्वपीठिका : वत्सगुल्म ते आज्ञापत्र

आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. अजिंठ्याच्या छतांवरील चित्रांत पाना-फुलांच्या वेलबुट्टीमध्ये आम्रफळे स्पष्ट ओळखू येतात. सातवाहनकालीन गाथासप्तशतीत आम्रमोहोराचे उल्लेख आहेत. म्हणजे आंबा या भूमीला किमान दीड-दोन हजार वर्षे परिचित आहे. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यातील यक्षी अंबिका आम्रवृक्षाखाली बसलेली आहे, ही गोष्ट शिरपूरच्या वाचकांस सांगावयास नको.

हा सर्व आंबा कोयीपासून उगवलेला होता. त्यालाच आपण रायवळ किंवा गावरान म्हणतो. येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. भारतातील बहुसंख्य आंब्यांच्या कोयीत एकच भ्रूण असतो व तो परागीभवनातून निर्माण झालेला असतो. त्यामुळे कोयीतून आलेले झाड आईसारखे निघत नाही. गोड झाडाच्या कोयीतून आंबट झाड येते, केसाळ आंब्याच्या कोयीतून क्वचित रसाळ आंबाही मिळून जातो. परिणामी प्रत्येक रायवळ झाड हा स्वतंत्र वाण असतो आणि त्याची जगात एकच प्रत असते. गावोगावी झाडांना नावे पडली ती यामुळेच. खोबऱ्या, शेंदऱ्या, शेप्या, साखऱ्या, गोटी, केळ्या, भदाड्या ही नावे चव, रंग, वास किंवा आकार सांगतात. एका गावचा शेंदऱ्या व दुसऱ्या गावचा शेंदऱ्या यांत नावापलीकडे नाते असेलच असे नाही.

अशा झाडाला फळ धरण्यास आठ-दहा वर्षे लागतात. लावणारा आजा आणि खाणारा नातू, हा आपल्याकडील नेहमीचा हिशेब. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१६ च्या सुमारास) आरमारासाठी लाकूड जमविण्याविषयीचे धोरण आले आहे. आंबा, फणस यांचे लाकूड उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती एकदोन वर्षांत होणारी झाडे नव्हेत व रयतेने ती दीर्घकाळ सांभाळलेली असतात, अशा आशयाची ताकीद तेथे आहे. अगदीच जीर्ण झाड घ्यावयाचे तर मालकाला राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असेही सांगितले आहे. राज्यकर्त्याने आंब्याचे झाड ही रयतेच्या काळाची गुंतवणूक मानली, हे यातून दिसते. विशेष म्हणजे महाराष्ट्र राज्याने १९६४ साली झाडे तोडण्यावर नियंत्रण घालणारा जो अधिनियम केला, त्याच्या अनुसूचीतही साग, चिंच, मोह यांच्याबरोबर आंबा आहे. अडीचशे वर्षांच्या अंतराने दोन अगदी भिन्न राजवटींना या झाडाविषयी सारखीच काळजी वाटावी, हे लक्षणीय आहे.

कलम आले, पण घरापर्यंत पोचले नाही

आंब्याच्या इतिहासातील खरी उलथापालथ कलमामुळे झाली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या, प्रयत्नांतून गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याचा प्रघात रुजला. अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून 'आल्फान्सो' म्हणजे आपला हापूस हे नाव आले, असे परंपरा सांगते. मानकुराद, फेर्नांदीन, मुसराद ही गोव्यातील नावेही त्याच वळणाची आहेत. कलमामुळे एका झाडाच्या हुबेहूब हजारो प्रती काढता येऊ लागल्या. दुसरा बदल खाण्याच्या रीतीतला होता. रायवळ आंबा प्रामुख्याने चोखण्याचा आणि रस काढण्याचा, तर ताटात सुरीने कापून खाता येईल असा घट्ट, बिनरेषांचा गर ही कलमी आंब्याची देणगी होय.

परंतु हापूस हा बाजाराचा आंबा होता, घरचा नव्हे, आणि वऱ्हाडाचा तर मुळीच नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावरील दमट हवा व जांभ्याची जमीन सोडली की त्याचा गुण उतरतो. तो एक वर्षाआड फळतो, आणि गरात होणारा 'साका' वरून दिसत नसल्याने फळ कापल्यावरच कळतो. आजही आमच्या भागातील अनेक सुशिक्षित मंडळी हौसेने हापूसचे कलम आणून लावतात आणि दहा वर्षे त्याची वाट पाहतात. नावाच्या कीर्तीने वाण निवडण्याचा हा परिणाम आहे.

वऱ्हाडच्या दृष्टीने गुजरातच्या केसरची कथा अधिक जवळची आहे. जुनागढ संस्थानात वंथळी भागातील एका निवडक आंब्याची कलमे १९३१ च्या सुमारास गिरनारच्या पायथ्याशी लाल ढोरी येथे लावली गेली आणि १९३४ साली नवाब महाबतखान तिसरे यांनी गराच्या रंगावरून त्यास 'केसर' हे नाव दिले. कोरड्या हवेत तग धरणारा म्हणून हा वाण मराठवाड्यात व विदर्भात पसरला. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यावर त्याच्या प्रसारास मोठीच चालना मिळाली. केसर उत्तम आंबा आहे, याविषयी दुमत नाही. मात्र त्याचे झाड मोठे होते. त्याला शेताचा बांध हवा, अंगण पुरत नाही.

आम्रपालीचा जन्म

आंब्याचा संकर करून हवा तसा वाण घडविण्याचा भारतातील पहिला पद्धतशीर प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात १९११ साली बर्न्स आणि प्रयाग यांनी हे काम हाती घेतले. या दोघांचा आंब्यावरील ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम किती चिकाटीचे आहे याची कल्पना इतर विद्याशाखांच्या प्राध्यापकांस यावी म्हणून एवढेच सांगतो की, मोहोराच्या एका तुऱ्यात हजारावर फुले असतात आणि त्यांतील हजारात एखादे फूलसुद्धा पक्व फळापर्यंत पोचेल याची खात्री नसते. हाताने परागीभवन करावयाचे, त्यातून मिळालेली मूठभर फळे गळू न देता सांभाळायची, त्यांच्या कोयी लावायच्या आणि मग फळासाठी पुन्हा अनेक वर्षे थांबावयाचे, असा हा उद्योग आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत (पुसा) डॉ. पीयूष कांती मजुमदार यांनी दशहरी व नीलम या दोन वाणांचा संकर केला आणि १९७० च्या दशकात त्यातून आम्रपाली पुढे आली. दशहरी हा लखनौजवळ काकोरी परिसरातील दशहरी गावचा आंबा. चव व सुगंध अप्रतिम, पण एक वर्षाआड फळणारा. नीलम दक्षिणेचा. त्याच्या चवीचे कौतुक फारसे कोणी करीत नाही, मात्र तो दरवर्षी नेमाने फळतो. संकर उलट करून, म्हणजे नीलम मादी व दशहरी नर घेऊन, 'मल्लिका' हा वाण मिळाला. आईबाप तेच असूनही मल्लिकेचे फळ मोठे, तर आम्रपालीचे फळ लहान आणि झाड ठेंगणे.

याच नीलमने महाराष्ट्रातही आपले काम केले आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली प्रसारित केलेला 'रत्ना' हा नीलम व हापूस यांचा संकर आहे, त्यात साका होत नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली अतिशय पातळ कोयीचा 'सिंधू' मिळाला. विसाव्या शतकातील नव्या आंब्यांच्या वंशवृक्षात दशहरी आणि हापूस यांसारखी घरंदाज नावे मिरवतात, पण नियमितपणाचा गुण वारंवार आला तो या साध्या, दुर्लक्षित दाक्षिणात्य झाडाकडून. इतिहासात असे अनेकदा घडते, येथे ते फळात घडले एवढेच.

नावाविषयी थोडेसे. वैशालीच्या आम्रवनात आम्रवृक्षाखाली सापडलेली म्हणून ती आम्रपाली, आणि आपले आम्रवन तिने गौतम बुद्धांना दान दिले, ही बौद्ध साहित्यातील कथा सर्वज्ञात आहे. वैशालीचा परिसर ही वर्धमान महावीरांची जन्मभूमी म्हणूनही मान्यता पावलेला आहे. अखंड आम्रवन दान करणाऱ्या स्त्रीचे नाव दोन-अडीच मीटर जागेत मावणाऱ्या झाडाला मिळावे, यात नकळत साधलेला एक विरोधाभास आहे.

गुणधर्म : गृहस्थाच्या दृष्टीने

आम्रपालीचा पहिला गुण तिच्या झाडाच्या आकाराचा आहे, फळाचा नंतर. जुन्या पद्धतीत आंबा १० × १० मीटर अंतरावर लावीत, हेक्टरी १०० झाडे बसत. आम्रपालीसाठी २.५ × २.५ मीटर अंतराची शिफारस झाली, म्हणजे हेक्टरी १६०० झाडे. घराच्या हिशेबात हे रूपांतर करून पाहावे. एका रायवळ झाडाला १०० चौरस मीटर, म्हणजे हजारावर चौरस फूट जागा लागते. गावाबाहेरच्या ले-आउटमधील दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधल्यानंतर हे झाड केवळ अशक्य आहे. आम्रपालीला सव्वासहा चौरस मीटर, म्हणजे साधारण एका लहान खोलीएवढी जागा पुरते. वाडे मोडून प्लॉट झाले, एकत्र कुटुंबे विभागली, या सामाजिक स्थित्यंतराला जुळणारा हा वाण आहे. आंब्याच्या इतिहासात झाडाची ठेवण हाच मुख्य गुण मानली गेली, असे या वाणापूर्वी क्वचितच घडले असेल.

दुसरा गुण म्हणजे दरवर्षी फळ येणे. बागाईतदाराकडे शंभर झाडे असतात, त्यांतील काही यंदा तर काही पुढील वर्षी फळतात. घरी झाड एकच असते. ते रुसले की वर्षभर घरात आंबा नाही. म्हणून सातत्याचे मोल बागेपेक्षा अंगणात अधिक आहे. कलम साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळू लागते. त्यापूर्वी आलेला मोहोर मन घट्ट करून खुडून टाकावा.

फळ लहान, लांबट, गर गडद नारिंगी, रेषारहित व अतिशय गोड असतो. गरातील बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, ते अन्य व्यापारी वाणांच्या अडीच ते तीन पट असल्याचे सांगितले जाते. घरात लहान मुले असतील तर हा गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता उणिवा. पिकल्यानंतरही सालीवर बराच हिरवेपणा राहतो. रंगावरून पारख करणारा मनुष्य फसतो आणि फळ अढीत गरजेपेक्षा अधिक दिवस पडून राहते. फळ टिकतही फार नाही. म्हणूनच बाजाराने आम्रपालीला हापूस-केसरची प्रतिष्ठा दिली नाही. जे फळ झाडावरून उतरवून चार दिवसांत घरातच संपणार, त्याला मुंबईपर्यंतच्या प्रवासाचा गुण कशाला हवा, हा प्रश्न मात्र बाजार विचारीत नाही. मोहोराच्या विकृतीचा (गुच्छ रोग) उपद्रव या वाणाला होतो. असे तुरे फांदीच्या निरोगी भागासह कापून नष्ट करावे लागतात. झाड लहान म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले तर दहा-बारा वर्षांत फांद्यांची दाटी होऊन फळ घटते, तेव्हा फळे उतरल्यावर छाटणी आवश्यक आहे.

सर्वांत मोठी अडचण पंचांगाची आहे. विदर्भात अक्षय तृतीयेला पितरांना आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखविल्याशिवाय अनेक घरी आंबा खात नाहीत. आम्रपाली हा उशिराचा वाण. आपल्याकडे तो जून महिन्यात, म्हणजे मृगाच्या तोंडावर किंवा पाऊस पडल्यावर तयार होतो. पाऊस पडला की आंब्यात अळी पडते, हा जुन्या लोकांचा अनुभव फळमाशीमुळे खरा आहे, तेव्हा फळांना कागदी पिशव्या बांधणे हिताचे. अक्षय तृतीयेचा आंबा घरच्या आम्रपालीवरून मिळणार नाही, तो बाजारातूनच आणावा लागेल. मात्र बाजारातील आंबा ओसरल्यावर घरचा आंबा सुरू होतो, ही सोयही लहान नव्हे.

जमिनीविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. आमच्याकडील खोल, भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहते व ते आंब्याला मानवत नाही. प्लॉटवर एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, माती व शेणखत यांचे मिश्रण भरावे आणि बुडाशी पाणी मुरण्याची सोय पाहावी. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील याची दक्षता घ्यावी. जोडाखालून येणारे फुटवे तत्काळ काढले नाहीत तर ते जोम धरतात, वरचे कलम मरते आणि आम्रपाली म्हणून वाढविलेले झाड प्रत्यक्षात खुंटाचे, म्हणजे रायवळ, निघते. नर्सरीने फसविले अशी तक्रार करण्यापूर्वी हे एकदा तपासून पाहावे.

एकाच झाडाच्या असंख्य प्रती

वरील वर्णन वाचून कोणीही आम्रपालीच लावावी असे म्हणेल, आणि अंगणापुरते ते योग्यही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकते. भारतात आणि भारताबाहेर उभी असलेली प्रत्येक आम्रपाली ही पुसा येथील एकाच मूळ रोपाची प्रत आहे. कोयीवरच कलम बांधण्याच्या कोय कलम पद्धतीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केला. पूर्वीच्या भेट कलमात रोप झाडापाशी नेऊन महिनोन्महिने बांधून ठेवावे लागे. कोय कलमामुळे कमी वेळात लाखो प्रती निघू लागल्या, किंमत उतरली आणि कलमी आंबा प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. हे लोकशाहीकरण होय, यात शंका नाही.

याच काळात अमराया मोडत गेल्या. वाटण्या झाल्या, एका झाडाचे फळ चार भावांत वाटून घेण्याची रीत कटकटीची ठरली, जमीन पिकाखाली आणण्याची निकड वाढली, लाकडाला गिऱ्हाईक मिळाले. कायद्याची अनुसूची झाडाला संरक्षण देते, पण ते 'आंबा' म्हणून. तोडले जाणारे झाड खोबऱ्या आहे की साखऱ्या, याची नोंद सातबाऱ्यावर नसते. हापूसचे एक झाड तोडले तर हापूस उरतो. रायवळाचे एक झाड तोडले की तो वाणच जगातून जातो. मंदिराचा शिलालेख खराब झाला तर निदान त्याचा ठसा कोठेतरी असतो, येथे दुसरी प्रत नाही.

गंमत अशी की आम्रपालीच्या मुळाशी बहुधा रायवळच असतो, कारण कलमासाठी खुंट म्हणून रायवळ कोयी वापरतात. त्याच्या मुळांची ताकद आपण घेतो, फळ मात्र घेत नाही.

या प्रश्नावर उपाय नाही असे नव्हे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांची नोंदणी करता येते. उत्तर प्रदेशातील मलिहाबादचे कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेच्या आसपास वाणांची कलमे केली व २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जागा एका झाडाची आणि वाण अनेक, ही युक्ती प्लॉटवाल्यांच्या कामाची आहे. महाविद्यालयांच्या आवारात तर जागेचीही अडचण नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांकडून गावातील नाव असलेल्या रायवळ झाडांची यादी करून घेणे, त्या नावामागची हकिकत वृद्धांकडून टिपून घेणे आणि त्यांतील निवडक झाडांची कलमे आवारात बांधणे हा इतिहास, वनस्पतिशास्त्र व मराठी या तिन्ही विभागांचा संयुक्त उपक्रम होऊ शकतो.

त्यासाठी झाडाची निवड उन्हाळ्यातच, फळ हाती असताना करावी लागते, कारण मोहोर व फळाविना सर्व आंबे सारखेच दिसतात. निवडलेल्या फांदीला गेरूची खूण करून ठेवावी. पावसाळा सुरू झाल्यावर, हवेत ओलावा आला की, त्या फांदीवरील तीन-चार महिने वयाच्या काडीची पाने देठ ठेवून कापावीत. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, तेव्हा काडी घेऊन खुंटाच्या कोवळ्या शेंड्यावर मृदुकाष्ठ पद्धतीने बांधावी. आम्रपालीच्या एखाद्या फांदीवरही ती बांधता येईल. मात्र रायवळाची फांदी जोमाने वाढते व ठेंगण्या झाडाला दाबून टाकू शकते, म्हणून तिची छाटणी दरवर्षी, आम्रपालीची फळे उतरल्याबरोबर, न विसरता करावी.